लवंगेचा वास

तो फोन उपडा ठेवा आधी. आवाज घ्यायचा तर घ्या, पण कॅमेरा नको, कॅमेऱ्याने माझं एकदा झालंय, ते पुढे येईलच. आणि नाव नुसतं सुनंदा लिहा, आडनाव कशाला, आडनाव लिहिलं की लोक विचारत विचारत घरापर्यंत येतात. तर मी मूळची बेलवलीची, बदलापूरची बेलवली, आता तिथं बिल्डिंगी झाल्या म्हणून लोकांना वाटतं सगळेच बाहेरून आलेले, पण आमची भातशेती होती तिथं, आणि माझा बाप शेतापेक्षा देवळात जास्त. मारुतीच्या देवळात भजनी मंडळ, त्याची पेटी माझ्या बापाकडे, घरात आम्हा पोरांना जागा नसली तरी पेटीला कोपरा ठरलेला, वर चादर, चादरीवर टॉवेल. आम्ही हात लावलेला चालायचा नाय. मी लावायचीच, आणि बापाला कळायचंच, कारण टॉवेलची घडी मला कधी त्याच्यासारखी जमली नाय.

मी कॅम्प पाचला, सिंधी वस्तीत, जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. शिवून आलेल्या पँटीचे लोंबते धागे कापायचे, बाकी डोकं रिकामं, म्हणून तिथल्या बायका सगळ्या जगाच्या चौकश्या करायच्या, मी त्यात पुढे. समोर फर्निचरवाल्यांची लाइन, तिथं आमचे हे आधी कामाला, मग स्वतःचं छोटं दुकान. कोकणातले, कणकवलीकडचे, जातीचे सुतार, हाताचे पण सुतार. सगळे त्यांना मिस्त्री बोलायचे, मी पण लग्नानंतर मिस्त्रीच बोलली, शेवटपर्यंत. जुन्या खुर्च्या, कपाटं, देव्हारे, आणि पेट्या, तंबोरे, जे कोणी घेत नाय ते काम ह्यांच्याकडे. तर आमचं जमलं, आणि मी घरी सांगितलं, तर बाप बोलला, पोरगी आम्ही दिली नाय, ती स्वतः गेली. लग्नाला आला नाय. मिस्त्रींशी बोलायचा नाय. सणाला मी गेली तर मला भाकरी, ह्यांना ओसरी. हे ओसरीवर बसून राहायचे, आणि आत भजन चालू, पेटी भसाभसा वाजते, भात्यातून हवा जाते, आणि माझा नवरा, ज्याला ती दुरुस्त करता येते, तो बाहेर बसून ऐकतो. त्यांना काय वाटत असेल ते मी तेव्हा विचारलं नाय, विचारायला पाहिजे होतं बहुतेक.

आता सरस. सरस म्हणजे काय ते आताच्या कोणाला माहीत नाय, दुकानात मागितला तर पोरगा तोंडाकडे बघतो. जनावराचं कातडं उकळून, आटवून, वाळवून केलेला गोंद, गुळाच्या रंगाचा, कडक पाट्या मिळतात नाहीतर खडे. पाण्यात भिजत घालायचा, फुगून खरवसासारखा होतो, मग त्याचा डबा पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद आचेवर विरघळवायचा, उकळी येऊ द्यायची नाय, उकळला की त्याच्यात जीव राहत नाय. दुकानदारावर भरवसा ठेवायचा नाय, जुना माल वर नव्याचा थर लावून देतात, मी पाटी मोडून आवाज ऐकते, जिभेला लावते, मगच पिशवी पुढे करते. लोक विचारतात, बाई, तो पांढरा डब्यातला गोंद आहे ना, कशाला ही कटकट. काय सांगू तुम्हाला, पांढरा चिकटतो झकास, पण परत उघडत नाय, उघडायला गेलं तर लाकूडच फाटून येतं. सरस लावलेला जोड कधी पण उघडता येतो, गरम पाणी, गरम सुरी, थोडा दम धरायचा, की सुटतो. म्हणून ज्या वस्तूला पुढे कोणाला तरी हात घालावा लागणार, तिला सरसच.

वास येतो, ते मी नाय म्हणत नाय. आता मी अंबरनाथला राहते, एमआयडीसीच्या अलीकडे, तिथून काय काय येतं हवेतून, डोळ्यातून पाणी येतं, त्याबद्दल चाळीत कोणी चकार शब्द काढत नाय, पण मी डबा शेगडीवर ठेवला की लगेच, काकी, काय मेलंय का? मला माहीत आहे कोण सुरुवात करते, खालची, तिला माझी खोली तिच्या भावासाठी पाहिजे.

तर लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात भिजवलेल्या सरसाला बुरशी आली आणि मिस्त्री वैतागले. सरस शिजवायचं काम तेव्हापासून माझ्याकडेच होतं. मी काय केलं, स्वयंपाकघरातल्या लवंगा कुटून डब्यात टाकल्या. हे हसायला लागले, मसालेभात करतेस काय? पण बुरशी गेली, वास पण जरा माणसात आला. तेव्हापासून लवंग. ह्या धंद्यात कोणी टाकत नाय, निदान इकडे तरी नाय, आणि मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाय, तुम्हालाच सांगते, आणि का सांगते तेही कळेल. आमचं काम ओळखायचं झालं तर जोड तापवायचा, लवंगेचा वास आला की आमचं.

मी संशयी बाई आहे, ते तोंडावर सांगते. दूधवाला, रिक्षावाला, सोसायटीचा सेक्रेटरी, डॉक्टर, मी कोणाला सोडत नाय. मिस्त्री मला इन्स्पेक्टर बोलायचे. पण त्यांच्यावर मी कधी संशय घेतला नाय. एकदा पण नाय. उशीर झाला तर झाला, काम होतं बोलले तर काम होतं. एक माणूस असा पाहिजे ना, जिथं डोकं टेकून गप्प बसता येतं.

मी लवंग टाकायला लागली त्याच वर्षी, पाऊस संपता संपता, बेलवलीच्या पेटीचा भाता पूर्ण फाटला आणि सप्ताह तोंडावर. दुसरा कोणी मिळेना, तेव्हा बापाने माझ्या धाकट्या भावाला, बाळारामला, पेटी घेऊन आमच्याकडे धाडलं. निरोप काय, तर मिस्त्रीला सांग, सांभाळून. ह्यांनी ती पेटी दुकानात ठेवली आणि जी परत केली ना, ती वेगळीच. भसाभसा करणारी पेटी, ती गोड बोलायला लागली, वरचे सूर तर असे की देवळाबाहेरची माणसं आत डोकावून बघायची. बापाने सप्ताहात सगळ्यांसमोर ह्यांना हाताला धरून आत नेलं, शेजारी बसवलं, आणि बोलला, आमचे जावईबापू. मी बायकांत बसली होती, पदर तोंडाला लावून रडली, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून बाप जाईपर्यंत ह्यांना ओसरी नाय दिसली. अजून दर सप्ताहाच्या शेवटी मंडळी नाव घेतात, ही पेटी मिस्त्रींच्या हातची.

मिस्त्री गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. कॅम्प पाचचं दुकान सोडलं, हत्यारं घरी आणली. सरस शिजवता शिजवता मी सगळं काम बघून शिकलेलीच होती, आधी मी खुर्च्या घेतल्या, मग भाते, मग सूर. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, करतं कोण? मी बोलायची, मीच. मग ते खुर्ची परत उचलायचे. काही ठेवून जायचे, पण वळून वळून बघत.

आता हरेशचं सांगते. सिंधी पोरगा, पोरगा म्हणजे पन्नाशीचा, कॅम्प पाचला त्याचं पडद्याच्या कापडाचं दुकान. रिक्षातून पेटी घेऊन आला. जुनी पेटी, त्याच्या आजोबांनी सिंधमधून येताना आणलेली, सामान टाकलं पण पेटी टाकली नाय. आता त्याची अम्मा वाजवते, घरी, सकाळी, भजन. बोलला, भाभी, भाता बनाना है, और एक बात है. अम्मा बोलती है, मिस्त्रीने एकदा ही पेटी रिपेअर केली होती, मी छोटा होतो, तेव्हापासून पेटी पहिल्यासारखी नाय वाजत. आतलं काहीतरी बदललं असं बोलते. बुरा मत मानना, मी इथंच बसतो, तुम्ही उघडा.

बुरा मत मानना. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या फोटोखाली बसून. मी बोलली, बस ना, दिवसभर बस, चहा पण पी. तर ह्याने फोन काढला आणि व्हिडिओ चालू केला. माझ्या हातावर कॅमेरा. मला असं झालं की पेटी उचलावी आणि जिन्यावर नेऊन ठेवावी. पण मग तो गावभर सांगत फिरणार, बाई घाबरली. म्हणून मी शेगडी पेटवली, सुरी तापत ठेवली.

पेटीत आत सुरांची पाटी असते, पितळी सूर ओळीने बसवलेले, आणि हवा गळू नये म्हणून पाटीच्या कडेने लाकडाची पट्टी चिकटवलेली असते. ती काढल्याशिवाय सुरांना हात लागत नाय. माझ्या मनात सरळ हिशोब. मिस्त्रींनी तेव्हा नुसता भाता केला असेल, तर पट्टी जुनीच असणार, सिंधमधल्या कारागिराने लावलेली, त्या सरसाला कातड्याचाच वास. लवंगेचा वास आला, तर मिस्त्रींनी पट्टी उघडली होती. म्हणजे मी हरेशला खोटं पाडायला बसली होती. गरम पाण्याचं फडकं फिरवलं, सुरी घातली, आणि नाक खाली नेलं.

लवंग.

हरेश बोलला, क्या हुआ भाभी? मी बोलली, वाफ लागली डोळ्याला. त्याच्या फोनमध्ये सगळं आहे बघा, माझा हात, सुरी, सुटलेली पट्टी, सगळं. पण वास फोनमध्ये येत नाय.

पट्टी काढली. खालच्या बाजूचे सूर जुने, जाड पितळ, प्रत्येकाच्या बुडाशी बारीक फुलाचा ठसा, कुठल्या परदेशी कारखान्याचा असेल. वरच्या बाजूचे सगळे साधे. पातळ, ठसा नाय, बाजारात कुठेही मिळतात तसे. मी एक जुना सूर वाजवून बघितला. तो आवाज मी ओळखते, बेलवलीला दर सप्ताहाला ऐकत आली, पदर तोंडाला लावून ऐकला होता तोच.

हरेशला बोलली, सुरांचं पण काम आहे, पेटी ठेवून जा. तो ठेवेना. शेवटी अम्माला फोन लावला, ती पलीकडून बोलली, रहने दे उधर, औरत के पास है. काय समजून बोलली कोण जाणे. तो गेला, पण जाताना एकेका सुराचा फोटो काढून गेला.

तो गेल्यावर मी मिस्त्रींचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. चोरी केली म्हणून आला, आणि माझ्या नाकासमोर केली म्हणून जास्त आला, मी शेगडीजवळ बसून लवंगा कुटत होती आणि हे त्याच सरसाने चोरी पट्टीखाली झाकत होते. दोन्ही पेट्या एकाच वेळी दुकानात होत्या, मला आठवलं, सिंधी पेटीवर मी टेकून बसायची. जगावर संशय घेतला आणि चोराला जेवायला वाढत होती. मग वाटायचं, स्वतःसाठी तर काय घेतलं नाय, विकलं नाय, ओसरीवरून आत यायला केलं. माझ्यासाठी केलं. मग आणखी राग यायचा, माझ्यासाठी म्हणजे मला त्यात ओढलं ना, मला न विचारता.

बरं, करायचं काय? गप्प भाता करून दिला असता तर कोणाला कळलं नसतं. पण अम्माला कळत होतं. कोणी विश्वास ठेवत नसताना पण ती सकाळी सकाळी त्या अर्ध्या मेलेल्या पेटीवर भजन म्हणत होती, आणि मला ते गिळवेना.

मी बेलवलीला गेली. बाळारामला बोलली, पेटी दे, जोड तपासते, सप्ताहाच्या आधी. तो बोलला, ताई, पेटीला काय झालंय, चांगली तर आहे. मी बोलली, भाता गळतो. तो बोलला, मी रोज वाजवतो, मला नाय गळत. बघा, माझाच भाऊ, माझीच नजर. तिथं मंडळाचा एक नवा पोरगा होता, तो मध्येच बोलला, काकी, तुम्ही तो सरस लावता तो जनावराचा असतो ना, देवळातल्या पेटीला चालतो का? आता हा प्रश्न आजकाल कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाय, मला आतून भीती वाटली, पण मी बोलली, तो पखवाज काय दुधीभोपळ्याचा केलाय का रे? बाळाराम हसला, बाकीचे हसले, आणि त्या हसण्यात मी पेटी रिक्षात ठेवली.

घरी पट्टी तापवली. लवंग. आणि आत, वरच्या ओळीत, फुलं. सगळी फुलं.

फुलं अम्माच्या पेटीत परत बसवली, तिच्यातले साधे सूर बेलवलीच्या पेटीत. ते साधे सूर मी जेवढे घासता येतात तेवढे घासले, कानाला लावून लावून जुळवले, मिस्त्रींनी केलं असतं त्याच्यापेक्षा जास्त जीव लावला, पण पितळ पातळ असेल तर बाई तरी काय करणार. आणि पट्टी परत चिकटवली. सरस लावताना माझ्या लक्षात आलं, ह्यांनी जे केलं तेच मी करते आहे. विश्वासाने दिलेली पेटी, आत हात घातला, सूर काढले, कोणाला सांगितलं नाय, पट्टी बंद.

अम्माची पेटी द्यायला मी स्वतः गेली. हरेश फटीतून टॉर्च मारून, फोनमधल्या फोटोंशी एकेक सूर ताडून बघायला लागला, बोलला, ये फूल तो पहले नहीं था. अम्माने त्याला हाताने गप्प केलं. खाटेवर बसून तिने भाता ओढला, वरचा सूर दाबला, आणि दाबूनच राहिली, डोळे मिटून. मग पेटीला विचारलं, पोराला विचारतात तसं, किधर था तू इतने दिन? आणि काय झालं मला, तोंडातून निघून गेलं, माझ्या माहेरी होता, अम्मा. हरेश हसला, त्याला मस्करी वाटली. अम्मा नाय हसली. तिने माझ्याकडे बघितलं, मला वाटलं आता नवऱ्याचं नाव घेते. तिने माझा हात घेतला आणि पेटीवर ठेवला, बस. माफ केलं, की तुला ओळखलं असं सांगितलं, मला अजून कळलं नाय. कधी विचार करते तेव्हा एक वाटतं, कधी दुसरं.

बेलवलीला सप्ताह झाला. पेटी वाजली, पण डोकावून बघायला कोणी थांबलं नाय. मंडळी बोलली, मिस्त्रींच्या हाताची सर बायकोला कुठली. शेवटी मिस्त्रींचं नाव घेतलं. मिस्त्रींनी दिलेला आवाज सुनंदाताईने घालवला, असं कोणी बोललं नाय, पण नाव घेताना सगळे माझ्याकडे बघत होते. बाळाराम मला मारुतीच्या मागे घेऊन गेला. बोलला, ताई, खरं सांग, तू सूर काढून विकलेस का? एक वाक्य बोलली असती की सुटली असती. पण मग बापाने हाताला धरून आत नेलं ते जाणार, जावईबापू जाणार, ओसरी परत येणार, मेलेल्या माणसाला ओसरी. मी बोलली, तुला काय समजायचं ते समज. तो गेला. आता पेटीचा भाता उतरला की ती कल्याणला जाते, माझ्याकडे येत नाय. भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं, चहा घेतला नाय.

मिस्त्रींचा फोटो मी परत सरळ केला. भांडायला तरी तोंड समोर पाहिजे. रोज भांडते, सरस ढवळता ढवळता. नाव तुम्हाला, संशय मला, छान वाटणी केलीत. पण एक झालंय, आता कोणती पण जुनी पेटी आली, ह्यांच्या काळातली, की मी आधी पट्टी तापवते आणि नाक खाली नेते. लवंग आली की एकेक सूर काढून बघते. अजून तरी सूर कुठे बदललेले निघाले नायत. अजून तरी.

तुम्ही हे छापा, पण मी आहे तोवर बेलवलीत कोणाला दाखवू नका. आणि मघाशी बोललात त्या तुमच्या आजीच्या खुर्चीला पांढरा गोंद लावू देऊ नका, माझ्याकडे आणा, विश्वास असेल तर. लवंग मी अजून टाकते. खालची बोलते, काकी, आता तरी सोडा, जिना वास मारतो. मी सोडणार नाय. मी गेल्यावर कधीतरी कोणी कारागीर बेलवलीची पेटी उघडेल, पट्टी तापवेल, त्याला जुन्या सरसात लवंग लागेल आणि नव्यात पण लवंगच लागेल. त्यातलं कोणी चोरलं आणि कोणी परत केलं, ते त्याला वासावरून कळणार नाय. कोणावर संशय घ्यायचा तो घेऊ दे त्याला. देव त्याचं भलं करो.